विचित्र मागणी आली की आधी मेल, मग तयारी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी वापराच्या पुस्तिका लिहिते. यंत्र कसं चालू करायचं, सॉफ्टवेअरमध्ये कुठलं बटण कधी दाबायचं, असल्या. बारा वर्षं एकाच ठिकाणी काम केलं, त्यामुळे मुलाखत म्हणजे समोर दोन माणसं, पाचसात प्रश्न आणि शेवटी 'जॉइन कधी होऊ शकाल?' एवढंच डोक्यात होतं. मग नोकरी बदलायची ठरवली आणि पहिल्याच बोलावण्यात लिहिलं होतं: 'येताना दहा मिनिटं आम्हाला काहीतरी शिकवायची तयारी करून या. विषय तुमच्या कामाचा नको.' मी मेल तीनदा वाचला. काहीतरी म्हणजे काय?

त्या घाबरगुंडीतून जी पद्धत तयार झाली ती गेले आठ महिने वापरतेय. पद्धत म्हणजे फार काही नाही. एक वही. डाव्या पानावर मागणी जशीच्या तशी, त्यांच्याच शब्दांत उतरवायची. उजव्या पानावर 'यातून त्यांना काय दिसणार?' याचं माझं उत्तर. ते पान कोरं राहिलं तर तयारीला हात लावायचा नाही, आधी तीन प्रश्नांचा मेल टाकायचा: समोर कोण असेल, किती वेळ द्यावा अशी अपेक्षा आहे, आणि यात तुम्ही मुख्यतः काय बघणार आहात. उत्तर आलं की तयारी, आणि फोनवर एकदा रेकॉर्डिंग. एकदाच. दहादा केलं की बोलणं पाठांतरासारखं येतं, हे मी अनुभवाने सांगतेय.

शिकवायच्या मागणीवर मेल पाठवला तेव्हा अर्ध्या तासात उत्तर आलं: चार जण असतील, प्रोजेक्टर नाही, फळा आहे, आणि 'माहिती नसलेल्या माणसाला तुम्ही कसं घेऊन जाता ते बघायचंय.' तोवर मी चौदा स्लाइड बनवल्या होत्या. सगळ्या वाया. पण उजवं पान भरलं. मी सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधा, जागेवर खूण करा, पुसून कोरडी करा, सँडपेपरने घासा, सोल्यूशन लावा आणि लगेच पॅच चिकटवू नका, बोटाला किंचित चिकट लागेपर्यंत थांबा. आठव्या मिनिटाला, पॅच बसवून ट्यूब टायरमध्ये घालताना, लक्षात आलं की टायरच्या आतून हात फिरवून काटा काढायचं मी सांगितलंच नाही. म्हणजे माझं ऐकून पंक्चर काढणाऱ्याची सायकल कोपऱ्यावर पुन्हा बसणार. मी थांबले, 'एक पायरी गाळली, परत मागे जाऊ' म्हटलं आणि फळ्यावर तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या मध्ये बाण काढून ती घातली. पुढची वीस मिनिटं ते त्या बाणावरच बोलत होते. पुस्तिकेत पायरी राहून गेली तर कशी शोधता, छापून झाल्यावर कळलं तर काय करता. नोकरी तिथे मिळाली नाही, पण वहीवर विश्वास तिथे बसला.

वहीतलं डावं पान शब्दशः का लिहायचं, हे पुढच्या मागणीत कळलं. 'आमची पुस्तिका तुमच्या पद्धतीने लिहून आणा, दोन दिवसांत.' सोबत चाळीस पानांची फाइल. मला दिसलं ते 'चाळीस पानं, दोन दिवस' आणि मी रात्रीचे तास मोजायला बसले. लिहून काढताना 'सगळी' हा शब्द कुठेच नाही हे दिसलं. विचारलं: पूर्ण की नमुना, किती तास अपेक्षित, आणि हे लेखन पुढे वापरलं जाणार का? शेवटचा प्रश्न लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला सांगू. उत्तर आलं की चार पानं पुरेत, वापरणार नाही, फक्त निवडीसाठी. तीन तासांत झालं. आणखी एका ठिकाणी हेच तीन प्रश्न पाठवले, उत्तर आलंच नाही, फक्त 'फाइल कधी देताय?' अशी आठवण दोनदा आली. तिथे मी काम दिलं नाही. कदाचित ते खरंच गडबडीत असतील. पण फुकटात पुस्तिका लिहून घेणं आणि निवड करणं यातला फरक सांगायला एक ओळ लागते, आणि ती त्यांना लिहायची नव्हती.

एकतर्फी व्हिडिओ मुलाखत हा प्रकार मात्र वहीत बसत नाही. समोर कुणी नाहीच. पडद्यावर प्रश्न, विचार करायला तीस सेकंद, बोलायला दोन मिनिटं, कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. मेल कुणाला टाकणार? इथे रेकॉर्डिंगच कामाला आलं. पहिलंच रेकॉर्डिंग ऐकलं तर माझं प्रत्येक उत्तर 'म्हणजे बघा ना'ने सुरू होत होतं. सहापैकी सहा. शिवाय मी मुद्दे कागदावर लिहून लॅपटॉपच्या बाजूला ठेवले होते, तर डोळे दर चार सेकंदांनी डावीकडे जात होते, चोर पकडल्यासारखे. मग कागद काढला, कॅमेऱ्याच्या भिंगाशेजारी चिकटपट्टीने तीनच शब्द लावले: प्रसंग, मी, शेवट. प्रसंग काय होता, त्यात मी काय केलं, शेवटी काय झालं. चौकट नवी नाही, 'स्टार' (सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट) या नावाने ती सगळीकडे शिकवतात. पण चार इंग्रजी अक्षरं आठवत बसण्यापेक्षा हे तीन शब्द मला सोपे गेले, आणि 'मी' हा शब्द डोळ्यासमोर असल्यामुळे 'आम्ही केलं, आमच्या टीमने केलं' ही बारा वर्षांची सवय सुटली.

आता तोटे. पहिला म्हणजे मुलाखत सुरू असताना जे मागतात त्यावर पद्धत निरुपयोगी. एकीने विचारलं, 'या इमारतीतल्या लिफ्ट दिवसभरात मिळून किती मजले वर चढत असतील?' इमारत बारा मजली, लिफ्ट दोन. मी मोठ्याने आकडे मांडले. माणसं चारशे धरू. प्रत्येक जण दिवसात दोनदा वर जातो, सकाळी आणि मधल्या सुट्टीनंतर, म्हणजे आठशे. एका खेपेत चार माणसं, तर दोनशे खेपा. चौघांतला सर्वांत वरच्या मजल्याचा माणूस उतरेपर्यंत लिफ्टला जावंच लागतं, म्हणून खेपेला सरासरी दहा मजले. दोन हजार. मी खूश. त्या म्हणाल्या, 'संध्याकाळी लोक खाली उतरतात तेव्हा लिफ्ट त्यांना आणायला रिकामी वर जाते. ते मजले कुठे गेले?' गेले खरेच. दुपारच्या सुट्टीतलेही. उत्तर जवळजवळ दुप्पट झालं आणि मला हसू आलं, त्यांनाही.

असल्या अंदाजांना भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांचं नाव चिकटलंय. शिकागोत पियानो सुरात लावणारे किती, हा त्यातला गाजलेला प्रश्न. ते मी आधी वाचलं होतं, पण वाचणं आणि कुणाच्या तरी नजरेखाली बोलणं यात फरक आहे. गंमत म्हणजे गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ साली उघडच सांगितलं होतं की या कोड्यांतून उमेदवार कसं काम करेल ते कळत नाही, विचारणाऱ्याला हुशार वाटतं एवढंच. ही हौस जुनीच आहे. एडिसनने १९२१ मध्ये उमेदवारांसाठी दीडशेच्या आसपास प्रश्नांची चाचणी काढली होती. त्यातला ध्वनीच्या वेगाचा प्रश्न आईन्स्टाईनला विचारला, तर तो म्हणाला, पुस्तकात सहज मिळतं ते मी डोक्यात ठेवत नाही. हे वाचून मला फार बरं वाटलं. पण मुलाखतीत आपण आईन्स्टाईन नसतो, म्हणून मी लिफ्ट मोजल्या.

दुसरा तोटा माझाच. तीन-चार महिन्यांनी मेलचा मसुदा इतका तयार झाला की मी तो कुठेही चिकटवू लागले. एका ठिकाणी साधं 'तुमच्या लेखनाचे दोन नमुने आणा' असं होतं. मी तिथेही समोर कोण, किती वेळ, काय बघणार, सगळं विचारलं. उत्तर थंड आलं, मुलाखतही थंडच झाली. दादाला मेल दाखवला तर म्हणाला, 'तू मुलाखत देतेयस का घेतेयस?' बरोबर होतं. तयारीचा कंटाळा आला की मी प्रश्न विचारायला लागले होते, उत्तर येईपर्यंत सुट्टी. तेव्हापासून नियम केला: उजवं पान स्वतः भरता येत असेल तर मेल नाही. आठ महिन्यांत नऊ विचित्र मागण्या आल्या, मेल फक्त पाच वेळा टाकायला हवा होता.

काही मागण्यांना तर पान उघडायचीच गरज नसते. मुलाखतीआधी 'नोंदणी'चे पैसे मागितले किंवा फोनवर आलेला ओटीपी मागितला, की ती फसवणूक, तिथे तयारी कसली करायची? सोशल मीडियाचा पासवर्ड मागणं हा प्रकार इतका झाला होता की अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने २०१२ मध्ये त्याविरुद्ध कायदाच केला. मला एकदा हाताने लिहिलेलं एक पान मागितलं, अक्षरावरून स्वभाव बघतात म्हणे. मी दिलं, त्यात माझं काही जात नव्हतं. पण श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये उमेदवार निवडायच्या पद्धतींवरचं पंच्याऐंशी वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं, त्यात हस्ताक्षरावरून कामाचा अंदाज जवळजवळ लागतच नव्हता आणि प्रत्यक्ष काम करून दाखवायची चाचणी वरच्या नंबरांत. म्हणून पंक्चर आणि चार पानांवर माझा राग नाही. तो सध्याच्या साहेबांचा नंबर मुलाखतीआधीच मागणाऱ्यांवर आहे. तिथे माझं ठरलेलं वाक्य: 'नोकरी पक्की होण्याच्या टप्प्यावर नंबर देईन, तोवर जुन्या सहकाऱ्यांचे देते.' दोघांनी मान्य केलं, एकाने फोन ठेवला.

पद्धतीचा सर्वांत चांगला उपयोग मला उशिरा सुचला. माझ्या डाव्या कानाने कमी ऐकू येतं. पाच जणांचं पॅनल असलं की डावीकडचा माणूस काय बोलला ते ओठांवरून ताडावं लागतं, आणि बारा वर्षं मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. सहाव्या महिन्यात वहीच्या डाव्या पानावर पहिल्यांदा माझी मागणी लिहिली: 'मला टेबलाच्या डाव्या टोकाला बसायचंय, म्हणजे सगळे उजवीकडे येतील.' उजव्या पानावर 'यातून त्यांना काय दिसणार?' तिथे मी आधी 'अडचण' लिहिलं, मग खोडलं. मेल दोन ओळींचा टाकला, कारणासकट. 'नक्की, आणखी काही लागलं तर सांगा' एवढंच उत्तर आलं. मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. मी पोचले तेव्हा एक जण खुर्ची ओढून जागा करत होता.

गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण व्हिडिओ मुलाखतीने खाल्ला, एक माझ्या मसुद्याने. नव्या ठिकाणी रुजू होऊन पाच आठवडे झाले, वही कपाटात आहे, अजून अकरा पानं कोरी. मैत्रिणीला हवी होती, पण तिला नवीनच घ्यायला सांगितलं. माझ्या डाव्या पानांवर नको तेवढं लिहिलंय.