उपमा-रूपकांची चित्रं: ‘शेजार, सांधा, अदलाबदल’ पद्धत काही महिने वापरल्यावर

जाहिरातींतल्या दृश्य-रूपकांची फिलिप्स आणि मॅक्वारी यांनी २००४ मध्ये तीन रचनांत विभागणी केली: दोन वस्तू शेजारी ठेवणं (शेजार), दोन्ही एकात मिसळणं (सांधा), आणि एकीच्या जागी दुसरी बसवणं (अदलाबदल). विभागणी अभ्यासकांची असली, तरी रेखाटन सुरू करण्याआधी ‘यातली कोणती?’ एवढं ठरवलं की निम्मी खोडाखोड वाचते. तिन्ही रचना मात्र सारख्या भरवशाच्या नाहीत.

उपमेला शेजार पुरतो. ‘लाकडासारखा ताठ’ काढायचं तर माणूस आणि ओंडका एकाच उंचीचे, एकाच कोनातले, प्रकाश एकाच बाजूने. साधारण धर्म, म्हणजे दोन्हींतला सारखा गुण (इथे ताठपणा), सोडून बाकी सगळं गप्प ठेवायचं. ओंडक्याची साल हौसेने रंगवली की बघणारा ताठपणा विसरून खरखरीतपणा वाचतो. बहुतेक फसलेल्या चित्रांचं कारण हेच असतं: उपमानाचा (ज्याच्याशी तुलना केली त्या वस्तूचा) नको तो गुण पुढे येतो.

रूपकाला सांधा लागतो, आणि खरी मेहनत तिथेच आहे. ‘रागाचा पारा’ घ्या. चेहरा आणि तापमापी निम्मे-निम्मे मिसळले तर धड ना चेहरा, ना तापमापी. बाह्यरेषा एकाची, आतला भाग दुसऱ्याचा, असं वाटप करा: डोकं-मान चेहऱ्याचीच, मानेतून कपाळापर्यंत चढणारी पाऱ्याची नळी, कानाजवळ मापाच्या रेघा. साधारण सत्तर टक्के उपमेय (ज्याची तुलना करायची ते), तीस टक्के उपमान हे प्रमाण बहुतेक वेळा चालतं. जोडावर रेषेची जाडी बदलली किंवा सावली उलट पडली, तर चित्र कात्रण चिकटवल्यासारखं दिसतं.

क्रिता या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सोयीचं पडतं. ए-फोर, ३०० डीपीआय म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. उपमेय आणि उपमान वेगळ्या ग्रुपमध्ये (लेयरच्या गटात) ठेवा. उपमानाला थेट ताणू-वाकवू नका. ट्रान्स्फॉर्म मास्क लावा, म्हणजे मूळ चित्र शाबूत राहतं. सावलीच्या मल्टिप्लाय (खालचे रंग गडद करणाऱ्या) लेयरला ‘इनहेरिट अल्फा’ (खालच्या चित्राच्या आकाराबाहेर रंग जाऊ न देणारा पर्याय) द्यायचा, पण तो लेयर ग्रुपच्या आत हवा. बाहेर राहिला तर खालच्या भरलेल्या पार्श्वभूमीचा अल्फा घेतो आणि सावली सगळीकडे सांडते. ‘एम’ दाबून कॅनव्हास आरशातल्यासारखा उलटा केला की तिरका सांधा लगेच नजरेत येतो.

अदलाबदल सर्वांत देखणी आणि सर्वांत धोक्याची. छातीच्या एक्स-रेमध्ये हृदयाच्या जागी दगड: ‘काळजाचा दगड’ झाला. इथे उपमेय दिसतच नाही, ते फासळ्यांवरून ओळखायचं. (आपल्या अलंकारशास्त्राच्या हिशेबाने, उपमेय असं गिळलं गेलं की ती रूपकाच्या पुढची पायरी, अतिशयोक्ती.) फासळ्या पुसल्या तर उरतो नुसता दगड. म्हणून आधी संदर्भ पक्का करा, वस्तू नंतर.

पद्धत तोकडी पडते ती न दिसणाऱ्या गुणांपाशी. ‘साखरेसारखा गोड आवाज’ घ्या: गळ्यात साखरेचे दाणे काढले की आवाज घोगरा वाटतो. अशा वेळी वस्तू सोडून परिणाम काढावा. कर्ण्याकडे निघालेली मुंग्यांची रांग दाखवली की गोडी कळते. ‘पोटात कावळे ओरडणे’सारखे वाक्प्रचार शब्दशः काढले तर हसू येतं, विनोद हवा असेल तरच तिकडे वळा.

प्रत्येक कल्पनेची ४ × ४ सेंटिमीटरच्या चौकटींत पाचेक कच्ची रेखाटनं करा. पहिलं बहुधा सगळ्यांना सुचणारं असतं, तिसऱ्या-चौथ्यापासून काहीतरी हाती लागतं. निवडलेलं रेखाटन पूर्ण काळं भरून ६४ पिक्सेलवर आणा. शेजार आणि अदलाबदल इथे आकारावरूनच ओळखू यायला हवेत. सांध्यात, आणि एक्स-रेतल्या दगडासारख्या अदलाबदलीत, आतला भाग काळ्यात बुडणारच, म्हणून तिथे दोन छटा ठेवून बघा. मग मूळ उपमेची किंवा रूपकाची ओळ न दाखवता, काय दिसतं ते दुसऱ्या कुणाला विचारा. त्याने एकाच वस्तूचं नाव घेतलं, तर न ओळखलेली वस्तू मोठी करण्याआधी दुसरीचे तपशील कमी करून बघा. बहुतेकदा तेवढ्याने भागतं.