डबल आणि क्वाड्रपल मार्कर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

डबल (पहिल्या तिमाहीत) आणि क्वाड्रपल (दुसऱ्या तिमाहीत) मार्कर म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोमसारखा दोष असण्याचा धोका आईच्या रक्तावरून काढणाऱ्या चाचण्या. यंत्र आणि किट यांच्याबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. कंट्रोल (किंमत आधीच माहीत असलेले नमुने) जागेवर असले की आकडे विश्वासाचे येतात. रिपोर्ट बिघडतो तो नमुन्यासोबत आलेल्या अर्जामुळे. वजन, मधुमेह, धूम्रपान, गर्भ एक की दोन, यातला एखादा रकाना रिकामा राहिला तरी सॉफ्टवेअर धोका काढतेच, आणि छापल्यावर तो तितकाच नेमका दिसतो.

सगळ्यात जास्त घोळ आठवड्यांचा. 15 ते 20 आठवड्यांच्या काळात आईच्या रक्तातले एएफपी (गर्भात तयार होणारे एक प्रथिन) दर आठवड्याला साधारण 15 टक्क्यांनी वाढते. गर्भ 18 आठवड्यांचा असताना अर्जावर 16 लिहिले, की खरा 1.9 एमओएम (त्या आठवड्याच्या मधल्या आकड्याच्या किती पट, ते माप) थेट 2.5 वर जातो, म्हणजे न्यूरल ट्यूबच्या (बाळाच्या मेंदू-मणक्याच्या) दोषासाठीच्या नेहमीच्या मर्यादेवर. उलट चूक झाली, तर एएफपी आणि एस्ट्रिऑल कमी, एचसीजी जास्त दिसते (शेवटची दोन गरोदरपणातली संप्रेरके). हुबेहूब डाउन सिंड्रोमचा नमुना. म्हणून पाळीच्या तारखेपेक्षा पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीची सीआरएल (गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी) धरावी. डबल मार्करला ती 45 ते 84 मिलिमीटरमध्ये हवी. आठवडे चुकल्याचे कळले तर पुन्हा रक्त काढायची घाई नको. नमुना योग्य काळातला असेल तर आहे त्याच आकड्यांवर हिशेब नव्याने करून घ्यावा.

वजन रक्त काढताना केलेले असावे. वजन जास्त असेल तर रक्ताचे प्रमाण वाढते, प्रथिने पातळ होतात आणि दुरुस्तीशिवाय एमओएम खोटा कमी येतो. धूम्रपानाने पॅप-ए (डबल मार्करमध्ये मोजले जाणारे वारेचे प्रथिन) घटते. जुळ्यांत एएफपी जवळपास दुप्पट असते.

आयव्हीएफचा रकाना तर नीट भरलेला क्वचितच दिसतो. वय बीजाचे धरायचे: दात्याचे बीज असेल तर दात्याचे, गोठवलेले असेल तर बीज काढले त्या वेळचे. पाचव्या दिवसाचा भ्रूण सोडला असेल तर त्या तारखेतून 19 दिवस वजा करून पाळीची तारीख मांडायची. पहिलटकरीण आहे की नाही याने आकडे थोडेच हलतात. मागच्या गरोदरपणात डाउन सिंड्रोम किंवा न्यूरल ट्यूबचा दोष आढळला असेल, तर मात्र ते लिहायलाच हवे. त्याने मूळ धोकाच बदलतो.

फ्री बीटा एचसीजी (एचसीजीचा सुटा भाग) उष्णतेला फार हळवे आहे. रक्त गरम जागी तसेच राहिले तर पूर्ण एचसीजी तुटून फ्री बीटा वाढते. एका केंद्राच्या बऱ्याच नमुन्यांत पॅप-ए ठीक आणि बीटा चढलेले दिसले, तर आधी वाहतूक तपासावी. सीरम लवकर वेगळे करून थंड पाठवावे. प्रत्येक मार्करचा मध्य एमओएम दर महिन्याला पाहावा; तो 0.9 ते 1.1 च्या बाहेर सरकला की मीडियन (तुलनेसाठी धरलेला मधला आकडा) बदलायची वेळ झाली.

डबल आणि नंतर क्वाड्रपल करून दोन सुटे धोके हातात देण्याची पद्धत आम्हाला मुळीच पटत नाही. खोटे पॉझिटिव्ह वाढतात आणि घरच्यांच्या जिवाला घोर लागतो. दोन्ही करायच्याच असतील तर एकत्र हिशेब हवा. 250 त 1 म्हणजे तशा 250 जणींपैकी 249 जणींच्या बाळात तो दोष नसतो, हे रिपोर्ट देतानाच सांगावे. खात्री अॅम्निओसेंटेसिस (गर्भजलाची तपासणी) किंवा सीव्हीएसनेच (वारेच्या तुकड्याची तपासणी) होते.

एनआयपीटी (आईच्या रक्तातल्या बाळाच्या डीएनएची तपासणी) केली तरी न्यूरल ट्यूबचे दोष त्यात कळत नाहीत. त्यासाठी एएफपी किंवा बारकाईची सोनोग्राफी लागतेच. आणि एएफपी जास्त, पण सोनोग्राफी निर्दोष, अशा गरोदर बाईची फाइल बंद करू नये. एएफपी वाढण्याचे कारण वारेत असू शकते. पुढे बाळाची वाढ आणि आईचा रक्तदाब यांवर लक्ष ठेवावे.