भोसरीतली ७०७५ प्लेट: अख्खा माल चोख, तुकडे मात्र बघून घ्या

भोसरी एमआयडीसीतल्या या दुकानात ७०७५-टी६५१ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूची प्लेट मापात कापून मिळते. ड्रोनचे आर्म, मोटर माउंट, फिक्स्चर अशा कामांसाठी आम्ही १० मिमीचा माल तपासला. अख्ख्या प्लेटमधून कापलेल्या मालाबद्दल तक्रार नाही. कडकपणा ब्रिनेल १५० च्या आसपास आला. नेहमीची, कमी ताकदीची ६०६१-टी६ असती तर ९५ च्या आसपासच राहिला असता. वजनावरून दोन्ही ओळखायला जाऊ नका. ३०० बाय ३०० च्या तुकड्यात जेमतेम १०० ग्रॅमचा फरक पडतो, तो जाडीच्या कमी-जास्तीत सहज लपतो.

बँडसॉची कड खडबडीत असते, म्हणून चारही बाजूंना दीड-दोन मिमी जास्त धरून माप सांगा.

७०७५ हा नुसता मिश्रधातूचा नंबर. जस्त, मॅग्नेशियम, तांबं त्यात असतंच, पण ताकद येते ती टेम्परमुळे, म्हणजे तापवण्या-विझवण्याच्या प्रक्रियेमुळे; ‘टी६५१’ हे त्याचंच नाव. साधारण ४८० अंशांवर तापवून पाण्यात विझवायचं, मग १२० अंशांवर २४ तास ठेवायचं. विझवलेलं अ‍ॅल्युमिनियम नुसतं ठेवलं तरी कडक होत जातं, हे १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्मच्या लक्षात आलं आणि त्यातूनच विमानांचं ड्युरॅल्युमिन निघालं. टी६५१ मधला ‘५१’ म्हणजे विझवल्यानंतर प्लेट दीड ते तीन टक्के ताणलेली. तसं केलेलं नसेल तर एका बाजूने ७ मिमी माल काढला की जॉब क्लॅम्पमधून सुटताच धनुष्यासारखा होतो. टी६५१ असली तरी दोन्ही बाजूंनी आलटून पालटून काढा.

खरी अडचण उरलेल्या तुकड्यांची. प्लेटवर शाईत ग्रेड, टेम्पर आणि हीट नंबर (धातूच्या ओतणीचा क्रमांक) छापलेला असतो. तुकड्यावर तो उरत नाही; मार्करने ‘७०७५’ एवढंच लिहून देतात. मग टेम्पर कळत नाही, रोलिंगची दिशाही नाही. आम्ही घेतलेल्या दोन तुकड्यांसोबतच्या सर्टिफिकेटवर दुसऱ्याच प्लेटचा हीट नंबर होता. फिक्स्चरला हे चालेल, उडणाऱ्या भागाला अजिबात नाही. छाप असलेली बाजू तुमच्या तुकड्यात येईल असं कापायला सांगा. सांगितलं तर ऐकतात.

ही प्लेट वाकवू नका, तडकते. टिग वेल्डिंगही नको, सांधा गोठतानाच चिरतो. जाडीच्या दिशेने कायम ताण आणि दमट हवा असेल, तर ताणाखालच्या गंजाने टी६५१ ला चिरा पडतात. तिथे ७०७५ चीच, पण टी७३५१ टेम्परची प्लेट घ्या. ताकद १०-१५ टक्के कमी, पण टिकते. ती इथे शिल्लक नसते, आधी सांगून मागवावी लागते.