अर्ली छाटणी की ऑक्टोबर छाटणी?

नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणातला द्राक्षवाला ऐन पावसाळ्यात छाटणीची कात्री चालवतो, हीच अर्ली छाटणी. त्याच जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीकडचे बहुतेक जण ऑक्टोबरची वाट बघतात. ऑक्टोबरवाल्यांचं गणित सरळ आहे: पाऊस ओसरलेला, डावणी या बुरशीरोगाची धास्ती कमी, माल फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण तेव्हा सगळ्यांचाच माल निघतो आणि भाव व्यापारी सांगेल तो.

अर्ली बाग फुलोऱ्यात येते तीच भर पावसात. पानामागे पांढरी बुरशी दिसली की रात्री-बेरात्री ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून फवारणी. माल तयार होताना एक जोरदार सर आली तरी मणी तडकतात. साधलं तर मात्र नाताळाच्या आधी माल बाजारात, स्पर्धा कमी, भाव चढा.

माझा कल अर्लीकडे. मात्र हात राखून अर्ली करू नये. छाटणी धाडसाची आणि औषधात काटकसर, असं करणाऱ्याची बाग आधी जाते. प्लॅस्टिक आच्छादन, मजूर, फवारणी यांचा पैसा छाटणीआधीच बाजूला काढलेला हवा. सोसायटीचं कर्ज थकलेलं असेल तर ऑक्टोबरच बरा, त्यात कमीपणा कसला? फक्त तो बिनधोक समजू नका. बेमोसमी पाऊस आणि गारपीट तिथेही गाठतेच.