शॉवरचा पंप दुरुस्तीला नेला आणि आतलं तांबं काढून घेतलं

इंदूरमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हा त्रास ओळखीचा असेल. टाकी गच्चीवर, शॉवर तिच्या खाली जेमतेम तीन मीटर. पाण्याची उंची दहा मीटर असेल तर दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो दाब मिळतो, म्हणजे आमच्या वाट्याला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही येत नाही. म्हणून सुदामा नगरच्या आमच्या घरी बाथरूमसाठी छोटा प्रेशर पंप बसवलेला आहे. तो गेल्या महिन्यात बंद पडला. शॉवर उघडला की नुसता घूं घूं आवाज, पाण्याला जोर नाही.

नेटवर कंपनीचं सर्व्हिस सेंटर म्हणून जो नंबर दिसला, त्यावर फोन केला. तासाभरात एक मुलगा आला. गळ्यात ओळखपत्र, बोलणं अतिशय अदबीचं. त्याने पंपाच्या मागच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून शाफ्ट फिरवला आणि स्विच दाबला. पंप चालू झाला! थोडा वेळ छान चालला. बंद करून पुन्हा लावला, तर परत घूं घूं. तरी तो आईला म्हणाला, "आंटीजी, वाइंडिंग जल गई है. वर्कशॉप ले जाना पड़ेगा." वाइंडिंग म्हणजे मोटरीतली तारेची गुंडाळी.

पंप गेला, दुसऱ्या दिवशी पुसून चकचकीत होऊन परत आला. बिल ३,८०० रुपये. साध्या कागदावर, ना जीएसटी नंबर, ना पत्ता.

चार-सहा दिवस बरं चाललं. मग अर्ध्या आंघोळीत पंप थांबायला लागला, हात लावला तर चटका बसेल इतका तापलेला. त्या नंबरवर आता कोणी फोन उचलत नव्हतं. शेवटी सियागंजकडे जुन्या ओळखीतले एक रिवाइंडिंगवाले काका आहेत, त्यांच्याकडे पंप नेला. त्यांनी माझ्यासमोर उघडला, तारेवरचं वार्निश ब्लेडने खरवडलं आणि मला जवळ बोलावलं. खाली तांबूस नव्हे, पांढरट चमक. ॲल्युमिनियम. आमच्या पंपाच्या पुस्तिकेत तांब्याची वाइंडिंग असं स्पष्ट छापलेलं आहे. तेवढ्याच जाडीच्या ॲल्युमिनियमच्या तारेचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून जास्त असतो, त्यामुळे ती तापते आणि आतलं संरक्षण पंप बंद पाडतं. काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली: कंडेंसर, म्हणजे मोटर सुरू व्हायला लागणारा छोटा भाग, कोरा नवा होता.

इथेच सगळं उघडं पडलं. मोटर घूं घूं करते पण फिरायला लागत नाही, आणि हाताने शाफ्ट फिरवला की धावते, तर दोष बहुधा कंडेंसरचा असतो. वाइंडिंग जळलेली मोटर अशी नीट धावत नाही. जळका वास येतो, कित्येकदा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा बोर्डावरचा स्विच, पडतो. कंडेंसरची किंमत दोनशे रुपयांच्या आसपास. त्या मुलाला खरा दोष आमच्या बाथरूममध्येच कळला होता. तो त्याने वर्कशॉपमध्ये दुरुस्तही केला, आणि वर धडधाकट तांबं काढून घेतलं. पैशांपेक्षा मला याचा संताप जास्त आहे. आईने त्याला चहा करून दिला होता.

तुमचा पंप बिघडला तर कोणाला बोलावण्याआधी एवढं बघा. शाफ्ट फिरवायचा असेल तर आधी एमसीबी पाडा, बाथरूममध्ये ओल्या हाताने काही करू नका. शाफ्ट अजिबात फिरत नसेल तर आत क्षार साचून पाणी ढकलणारा पंखा अडकलेला असू शकतो. बोअरिंगचं पाणी वापरणाऱ्यांकडे हे फार होतं. आवाजच येत नसेल तर वीज पोचते का ते पाहा, मग फ्लो स्विच, म्हणजे पाणी वाहू लागलं की पंप चालू करणारा स्विच. पंप चालतो पण धार बारीक असेल तर इनलेटची जाळी आणि शॉवरची भोकं साफ करा, टाकी रिकामी झाली होती का ते आठवा, कारण पाइपात हवा अडकली तरी असंच होतं. रात्री पंप आपोआप चालू होत असेल तर मोटर बदलायची गरज नाही, कुठला तरी नळ किंवा फ्लश गळत असतो.

आणि पंप घराबाहेर न्यावाच लागला तर आतल्या स्टेटरवर, म्हणजे तार गुंडाळलेल्या न फिरणाऱ्या भागावर, मार्करने सही करा, उघडलेल्या पंपाचा फोटो काढा, जुने सुटे भाग परत मागा. कंपनीचा नंबर नेटवरून न घेता वॉरंटी कार्डवरून घ्या.

मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. बिलावर नावगाव नाही, पण पैसे यूपीआयने दिले होते, त्यामुळे घेणाऱ्याचं नाव आणि तारीख हाती आहे. काकांकडून ॲल्युमिनियमच्या तारेबद्दल लेखी घेऊन तेही जोडलं आहे. उत्तर आलं की इथेच कळवेन. याच भागात आणखी कोणाचा पंप असा "वाइंडिंग जळली" म्हणून नेला असेल तर तो एकदा उघडून बघा आणि मला सांगा, तक्रार एकत्र करू.