वॅफल स्टिच: मे महिन्यापासून गणपतीपर्यंत विणून आणि वापरून आलेला अनुभव

क्रोशातला साधा खांब (उंच टाका) आणि मुका खांब (बुटका टाका) येतो, आता पुढे काय शिकू असं कोणी विचारलं तर मी सरळ वॅफल, म्हणजे चौकोनी खड्ड्यांची वीण, सांगते. मे महिन्यात शिकायला घेतली, आता गणपती पण होऊन गेले, मधला अख्खा पावसाळा हीच वीण हातात होती. आणि विणून कपाटात नाही ठेवलं, स्वयंपाकघरात, न्हाणीघराबाहेर, दारात सगळीकडे वापरतोय, म्हणून लिहायला बसले. आम्ही वेंगुर्ल्याचे, समुद्र जवळ, म्हणजे दमट हवा, पायाला वाळू आणि पावसात काहीही न वाळणं हे सगळं धरूनच वाचा.

आधी वीण कशी होते ते सांगते, कारण ते कळलं की पाठ करायला लागत नाही. पहिली ओळ साध्या खांबांची. दुसऱ्या ओळीत कडेचा एक खांब सोडून एक खांब उचलायचा, दोन साधे, एक उचललेला, दोन साधे, असं करत जायचं, शेवटी एक उचललेला आणि कडेचा साधा. उचलायचा म्हणजे हुक वरच्या टाक्यात न घालता खालच्या ओळीतल्या खांबाच्या मागून फिरवून परत पुढे काढायचा आणि मग नेहमीसारखा खांब पूर्ण करायचा, व्हिडिओत ह्यालाच फ्रंट पोस्ट म्हणतात. तिसऱ्या ओळीत बरोबर उलटं, उचललेल्याच्या डोक्यावर साधा, आणि जे दोन साधे होते ते दोन्ही उचलायचे. बस, ह्याच दोन ओळी आलटून पालटून.

आता चौकोनी खड्डे का पडतात? दुसऱ्या ओळीतला उचललेला खांब सुलट बाजूला उभा फुगून येतो, त्याची उभी रेघ होते. तिसरी ओळ आपण काम फिरवून उलट बाजूने विणतो, त्यामुळे तिकडून उचलताना खालच्या दोन खांबांची डोकी सुलट बाजूला ढकलली जातात आणि तिथे आडवी रेघ बनते. उभी आडवी मिळून चौकट, आत खोलगट चौकोन. मला हे समजलं तो दिवस फार आवडला, कारण त्यानंतर चार्ट बघायची गरजच राहिली नाही, उभ्या रेघेवर उभी रेघ येतेय ना एवढं बघितलं की कुठे आहोत ते कळतं. लाईट गेली तरी बोटाने फुगीर खांब लागतो, आमच्याकडे जुलैत हे किती उपयोगाचं ते इकडच्यांना सांगायला नको.

व्हिडिओ बघून शिकणार असाल तर बाई अमेरिकन आहे की ब्रिटिश ते आधी बघा, अमेरिकन ज्याला डबल क्रोशे म्हणतात ते ब्रिटिशांचं ट्रेबल, आणि ब्रिटिश डबल म्हणजे आपला मुका खांब. मुक्या खांबाने विणलं तर चौकोन बारके आणि कापड पुठ्ठ्यासारखं होतं.

दोऱ्याचं सांगायचं तर ही वीण दोरा खाते, साध्या खांबांच्या कापडाला लागतो त्याच्या जवळपास दीडपट मला लागला. सगळ्या गुंड्या एकदमच घ्या आणि त्यांच्यावरचा रंगाचा लॉट नंबर जुळवून घ्या, इथे गावात नंतर तीच छटा मिळत नाही, कुडाळ सावंतवाडी फिरलात तरी. उचललेले खांब कापड आत ओढतात म्हणून हुक नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा. खारी हवा असल्यामुळे मी अॅल्युमिनियमचे हुक ठेवते, स्टीलच्या हुकावरचं पॉलिश एकदा गेलं की गंज धरतो आणि तो गंज पांढऱ्या दोऱ्यावर उतरतो.

वापराबद्दल. भांडी धरायच्या चौकोनासाठी ह्याच्यापेक्षा चांगली वीण मला सापडली नाही, खड्ड्यांत हवा अडकते म्हणून गरम पेजेचा टोप उतरवताना हाताला झळ उशिरा लागते. पण फक्त सुती दोऱ्यात, अॅक्रिलिक गरम टोपाला लागलं की वितळतं, आणि सुती सुद्धा पूर्ण सुकं असेल तरच वापरा, ओलं असलं तर उष्णता सरळ हातात येते. पावसात मी म्हणून दोन चौकोन ठेवते, एक चुलीजवळच्या खिळ्यावर कायम सुकत.

दारातलं पायपुसणं सगळ्यात जास्त आवडलेलं काम. दर्यावरून आलं की पायाची वाळू त्या चौकोनांत बसते आणि घरात येत नाही, संध्याकाळी बाहेर नेऊन झटकलं की झालं. शेजारच्या काकी बघून म्हणाल्या, "माका पण एक करून दी गो," तेच आता हुकावर आहे.

टॉवेलला मात्र मी नाही म्हणेन, निदान आपल्या पट्ट्यात तरी. पाणी छान शोषतं पण सोडत नाही, श्रावणात पडवीत टांगलेला सुती वॅफल टॉवेल दोन दिवस ओलसरच, मग कुबट वास, मग परत धुवा. उन्हाळ्यात मस्त. भाचीचं पांघरूण मी अॅक्रिलिकमध्ये केलं ते लवकर वाळतं, अजून नव्यासारखं आहे, जाड असूनही मऊ. फक्त त्याला इस्त्री नको, वाफ सुद्धा नको, अॅक्रिलिकला एकदा उष्णता लागली की चौकोन बसतात ते परत उठतच नाहीत. सुती कापड दाबलं गेलं तरी पाण्यात बुडवून हाताने ओढून सुकवलं की बऱ्यापैकी उठतं.

आणि मनगट दुखतं, हे खरं आहे. उचललेल्या खांबाला हात जास्त वळवायला लागतो, जाड दोऱ्यात तर जास्तच, मी मधेमधे मुक्या खांबांची साधी कड विणायला घेते, तेवढा हाताला आराम.

पहिला नमुना करणाऱ्यांनी आठ प्लायचा, म्हणजे मध्यम जाडीचा, फिकट रंगाचा सुती दोरा घ्यावा, गडद रंगात खांबाची मान दिसत नाही. हुक साडेचार किंवा पाच मिलिमीटरचा. ३८ साखळ्या घालून हुकापासून चौथ्या साखळीत पहिला खांब, म्हणजे सुरुवातीच्या तीन साखळ्या धरून ३६ खांब होतात, टाके तीनच्या पटीत असले की झालं. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्या वळणाच्या तीन साखळ्यांच्या डोक्यात खांब घालायचाच, तिथे सेफ्टी पिन लावून ठेवा, नाहीतर कड तिरकी जाते आणि चार ओळी झाल्यावर लक्षात येतं, मग उसवत बसा. सहा-सात ओळींपर्यंत काही खास दिसणार नाही, नुसतं खडबडीत वाटेल, तेवढ्यात सोडू नका, चौकोन आठव्या नवव्या ओळीनंतर नीट उमटायला लागतात.