गोदावरी की कुसुम, त्र्यंबक की धुंडिराज : बाळासाठी जुन्या वळणाचे नाव निवडताना

शाळेच्या हजेरीपटावर एकाच वर्गात दोन-तीन आरव आणि तितक्याच अन्वी सापडू लागल्यापासून नाशिकमधील अनेक तरुण आईवडील पणजी-पणजोबांच्या काळातील नावांकडे वळू लागले आहेत. हा कल स्वागतार्ह असला, तरी एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही, ती म्हणजे जुनी नावे एकेकटी नव्हे, तर जोडीने चालत असत. आजोबांचे नाव नातवाला ठेवले, तरी सून सासऱ्यांचे नाव घेत नसल्यामुळे मुलाला हाक मारली जाई ती बापू, अप्पा किंवा नाना अशी, आणि भारदस्त नाव पाळण्यात आणि सातबाऱ्यावर राही. त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके सर्वांना दादासाहेब म्हणून माहीत आहेत. कुसुमाग्रज तर जन्माने गजानन, दत्तक गेल्यावर विष्णू वामन आणि नाशिककरांसाठी तात्यासाहेब. आजच्या बाळाला मात्र पाळणाघरातल्या ताईंपासून वर्गशिक्षिकेपर्यंत सगळे जण कागदावरच्याच नावाने हाक मारणार असतात. म्हणून पुढील नावे मी मुख्यतः हाकेच्या कसोटीवर तोलली आहेत.

मुलीसाठी गोदावरी आणि कुसुम ही दोन नावे घेऊ. गोदावरी हे नाव भरदार आहे, शिवाय गोदा हे त्याचे छोटे रूप आयतेच मिळते आणि ते आजच्या दोन अक्षरी नावांच्या रांगेत सहज बसते. जन्माक्षर पाहणाऱ्या घरांत शततारका नक्षत्राच्या पहिल्या चरणाला ‘गो’ हे अक्षर येते, ही आणखी एक सोय. अडचण आहे ती केवळ नाशिकपुरती. ज्या शहरात दर पावसाळ्यात गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, यावरून पुराचा अंदाज घेतला जातो, त्या शहरात ही मुलगी वर्गात रडू लागली की ‘गोदावरीला पूर आला’ हे वाक्य कोणीतरी म्हणणारच. पाणवेलींच्या आणि सांडपाण्याच्या बातम्यांतही तिचे नाव येत राहील, आणि सिंहस्थ जवळ आला की अधिकच. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या नाशिककरांना हा त्रास नाही. उलट गावाशी नाते सांगणारे याहून चांगले नाव त्यांना शोधून सापडणार नाही.

कुसुम हे नाव त्या मानाने निर्धोक आहे. ते कोणत्याही प्रांतात अचूक उच्चारले जाते, रोमन लिपीत त्याची दोन स्पेलिंगे होत नाहीत आणि ते मुळातच इतके आटोपशीर आहे की हाकेसाठी वेगळे नाव शोधावे लागत नाही. शिवाय कुसुमाग्रज हे टोपणनाव कवीच्या कुसुम नावाच्या बहिणीवरून आले असल्याने नाशिकमध्ये या नावाला स्वतःचे असे वजन आहे. (निफाड-दिंडोरीकडच्या नातेवाइकांना मात्र प्रथम सौरपंपांची कुसुम योजना आठवेल, त्याला इलाज नाही.) खरा विरोध घरातूनच होण्याची शक्यता आहे, कारण कुसुम, सुमन, मालती ही आज हयात असलेल्या आज्यांची नावे आहेत. पणजीचे नाव सर्वांना गोड वाटते. सासूचे नाव मुलीला ठेवायचे म्हटले की चर्चा थांबते. घरात किंवा जवळच्या नात्यात कुसुम नसेल, तर मी गोदावरीपेक्षा कुसुमला झुकते माप देईन.

मुलांच्या नावांत निर्णय सोपा आहे. त्र्यंबक हे नाव अर्थाने भव्य असले, तरी सुरुवातीच्या जोडाक्षरामुळे लहान मूल स्वतःचे नाव कित्येक दिवस ‘तंबक’ असेच सांगत राहते. त्र्यंबक आणि त्रिंबक अशी दोन रूपे प्रचलित असल्याने जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट यांवर निरनिराळी स्पेलिंगे पडण्याचा धोका वेगळाच. त्यातच नाशिकमध्ये त्र्यंबक हे आधी गावाचे, मग रस्त्याचे आणि नाक्याचे नाव आहे. धुंडिराज हे गणपतीचे नाव त्याहून विक्षिप्त वाटते, पण प्रत्यक्षात सोयीचे ठरते, कारण शेवटचा ‘राज’ कोणालाही ओळखीचा असतो आणि तीच त्याची हाक होऊ शकते.

दगडू, धोंडू, भिकाजी अशी नावे गंमत म्हणून ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आधीची मुले दगावलेल्या घरांत पुढच्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून ती ठेवली जात. नकुशी, म्हणजे नको असलेली, या नावाची कथा तर याहून करुण आहे. सातारा जिल्ह्यात २०११ साली हे नाव असलेल्या मुलींची समारंभपूर्वक नवी नावे ठेवावी लागली.

कागदपत्रांचा विचारही आधीच केलेला बरा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या शासकीय नोंदींत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्रात अनिवार्य झाला आहे. त्यामुळे आईवडिलांची नावे लांब असतील, तर धुंडिराज किंवा गोदावरीने सुरू होणारे पूर्ण नाव अर्जातल्या चौकटींत मावणे कठीण होते आणि तेथेही कुसुमचे पारडे जड ठरते. मात्र घाई करण्याचे कारण नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करणे आवश्यक असले, तरी ती नावाशिवाय करता येते आणि पुढे बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. बारशाला आत्याने कानात सांगितलेले नाव काही महिने घरात वापरून पाहावे, आणि तेवढ्या काळात सगळे जण धुंडिराजला राज अशीच हाक मारू लागले, तर महापालिकेच्या नोंदीत पूर्ण नाव निःशंकपणे घालावे.